फुटलेला फोन आणि मालकीचा प्रश्न

“डेटा जाईल. चालेल ना? मग येथे सही करा.” मोबाइल कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरांत गणवेशातला एखादा तरुण दिवसभरात कितीतरी वेळा हे वाक्य उच्चारतो. त्याचा स्वर कठोर नसतो. बहुधा तो थकलेला असतो. टेबलाच्या अलीकडे उभे असलेले माणूस क्षणभर घुटमळते, हातातल्या फुटक्या काचेकडे पाहते आणि सही करते. त्या सहीसरशी गेलेल्या आईचा शेवटचा फोटो, मुलाचे पहिले पाऊल, पडण्यापूर्वीचे गावचे घर हे सारे कायद्याच्या भाषेत ‘डेटा’ ठरते आणि ग्राहकाच्या संमतीने नष्ट होते. मक्तेदारीवरच्या जाडजूड ग्रंथांत जे शिकवले जाते, त्यातील बराचसा भाग या एका वाक्यात सामावलेला आहे. ते वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही अन्याय आहे अशी शंकाही कोणास येत नाही.

नष्ट झाले ते नेमके काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. फोन हातातून पडतो, तेव्हा बहुतेक वेळा फुटतो तो पडदा. बाजारात ज्याला ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’ म्हणतात तो. कधी चार्जिंगचा जॅक निकामी होतो, कधी बॅटरी फुगते. पाण्यात भिजला तर बोर्डावर गंज चढतो आणि विजेच्या एखाद्या वाटेवर शॉर्ट होतो. फोटो असतात ते नखाएवढ्या एका चिपमध्ये, आणि ती चिप यांपैकी बहुतेक अपघातांत शाबूत राहते. म्हणजे धान्य कोठारात जसेच्या तसे आहे. तुटली आहे ती कोठाराकडे जाणारी पायवाट. तरीही घरच्यांना सांगितले जाते की सर्व गेले. हे अज्ञान नसते. धान्य बाहेर काढण्यापेक्षा कोठार पाडून नवे विकणे ज्याच्या फायद्याचे असते, तो दुसरे काय सांगणार?

चिप काढून दुसऱ्या यंत्रात बसवली की काम झाले, असा समज पुष्कळांचा असतो. जुन्या फोनांच्या बाबतीत तो खराही होता. परंतु गेल्या दहा वर्षांत आलेल्या बहुतेक स्मार्टफोनांत चिपवरील मजकूर कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. चिप वेगळी केली तर हाती निरर्थक आकडे येतात. फोटो हवे असतील तर तोच प्रोसेसर, तीच चिप आणि मालकाचा स्वतःचा पासवर्ड किंवा पॅटर्न, ही तिन्ही एकत्र येऊन तो बोर्ड निदान एकदा, अर्ध्या तासापुरता का होईना, जिवंत झाला पाहिजे.

येथे एका गैरसमजाला आळा घातला पाहिजे. दोष कुलपाचा नाही. चोराच्या, पोलिसाच्या, संशयी नवऱ्याच्या किंवा मालकाच्या हाती फोन पडला तरी आतले बाहेर येऊ नये, ही व्यवस्था श्रमिकांच्याच हिताची आहे. २०२१ मध्ये पेगासस प्रकरण उजेडात आल्यानंतर तरी चळवळीतील कोणी त्या कुलपाची थट्टा करू नये. प्रश्न निराळा आहे. किल्ली मालकाच्या बोटांत आहे. पॅटर्न त्याला पाठ आहे. नाही ती दाराची मूठ. ती मूठ म्हणजे पडदा, जॅक, बॅटरी, विजेचा पुरवठा सांभाळणारी एक क्षुल्लक चिप आणि बोर्डाचा आराखडा. हे सारे कंपनीच्या ताब्यात आहे आणि देण्यास ती बांधील नाही. सुरक्षिततेच्या नावाने दुरुस्ती नाकारणे ही लबाडी आहे, कारण मालकाला आपल्याच कुलपात आपलीच किल्ली घालू देण्याने कोणाचीही सुरक्षितता धोक्यात येत नाही.

या मुठीतही वर्गभेद आहे. काही महागड्या फोनांना चार्जिंगच्या भोकातूनच बाहेरचा पडदा जोडता येतो. आतली काच फुटली तरी दूरचित्रवाणी संचावर फोन दिसतो, माउस जोडून पॅटर्न काढता येतो आणि फोटो उतरवून घेता येतात. स्वस्त फोनांत ही सोय सहसा ठेवलेलीच नसते. संगणकाला तार जोडावी, तर फोन उघडण्याची आणि परवानगी देण्याची खूण त्या काळ्या पडलेल्या पडद्यावरच करावी लागते. पडदा नाही म्हणून परवानगी नाही, परवानगी नाही म्हणून फोटो नाहीत. फोन जितका गरिबाचा, तितकी त्यातली आठवण अधिक पक्की कोंडलेली.

पूर्वी हे असे नव्हते. मागचे झाकण नखाने उघडत असे, बॅटरी हाताने निघत असे आणि फोटो मेमरी कार्डावर ठेवलेले असतील, तर फोन चाकाखाली जाऊनही कार्ड दुसऱ्या फोनात घालता येत असे. बॅटऱ्या गोंदाने चिकटू लागल्या; कार्डाची खाच एकेका नमुन्यातून नाहीशी झाली. सॅमसंगने आपल्या मोठ्या फोनांतून ती २०१५ मध्ये काढली, २०१६ मध्ये परत आणली आणि २०२१ मध्ये पुन्हा काढली. अॅपलने तर आयफोनला ती कधी दिलीच नव्हती. फोन पातळ होतो, पाणी आत शिरत नाही, अशी कारणे सांगितली जातात आणि ती सर्वस्वी खोटीही नाहीत. पण ज्या कंपन्या कार्डाची जागा काढतात, त्याच अधिक साठवणीचा फोन चढ्या भावाने विकतात, आणि साठवण संपली की दूरच्या गोदामातील जागा दरमहा भाड्याने घेण्याचा आग्रह सुरू होतो. गूगलने फोटो ठेवण्याची अमर्याद विनामूल्य सोय वर्षानुवर्षे दिली, कोट्यवधी लोकांना तिची सवय लावली आणि १ जून २०२१ पासून ती बंद केली; त्यानंतरचे फोटो पंधरा जीबीच्या मर्यादेत मोजले जाऊ लागले. मर्यादा संपली की भाडे द्या, किंवा जुने पुसा.

ती तारीख भारतीयांनी विसरू नये. कोविडची दुसरी लाट तेव्हा नुकती ओसरू लागली होती. ज्यांचे शेवटचे दर्शनही घडले नाही अशा माणसांचे, घराघरांत उरले होते ते फोनमधले फोटो. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरले. सरकारी पंचनाम्यात भांडी, धान्य आणि दुकानातील माल यांची नोंद करता येते. भिजलेल्या फोनात अडकलेल्या माणसाची नोंद करण्यास कोणत्याही पंचनाम्यात रकाना नाही.

अर्थशास्त्रात या व्यवहाराला जुने नाव आहे: खंड. जमीन कसणारा एक, पीक त्याच्या घामाचे, आणि केवळ मालकीच्या कागदावर वाटा घेणारा दुसरा. महाराष्ट्रातील कुळांनी या कागदाविरुद्ध लढा दिला. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन त्यातून आला. आज फोनसाठी पूर्ण किंमत मोजणारा ग्राहक, बहुधा हप्त्यांनी मोजणारा, त्या फोनाचा मालक म्हणवला जातो. वास्तवात तो कूळ आहे. फोटो त्याने काढले, प्रसंग त्याच्या आयुष्यातले, आणि ते पुन्हा पाहण्याच्या वाटेवर मात्र दुसऱ्याचा नाका. जुन्या कुळाला निदान जमीन डोळ्यांना दिसत असे.

यावर शहाण्यासुरत्यांचे उत्तर तयार असते: बॅकअप का घेतला नाही? वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून हा उपदेश नियमाने होतो आणि त्याचा सूर आरोग्यखात्याच्या जुन्या फलकांसारखा असतो. रोगाचा दोष रोग्याच्या अस्वच्छतेवर. ज्या घरात चौघांत एक फोन आहे, तो दुसऱ्या हाताने घेतलेला आहे, त्यातले खाते विकणाऱ्या दुकानदारानेच उघडून दिले आणि त्याचा पासवर्ड दुकानदारालाही आठवत नाही, त्या घराने बॅकअप कोठे घ्यावा? रोजचा डेटा पॅक मुलीच्या अभ्यासाला पुरत नाही, तेथे हजारो फोटो वर चढवणार कोण? दक्षता घ्यावी हे खरेच. पण दक्षतेचा उपदेश जेथे हक्काची जागा घेतो, तेथे उपदेशकाचे हितसंबंध तपासावेत.

दुसरा आक्षेप घरातला आहे आणि अधिक बोचणारा आहे. हा मध्यमवर्गीय हळहळीचा विषय आहे, महागाई, बेकारी आणि जातीय विद्वेष यांच्याशी झुंजणाऱ्या पक्षाने फुटक्या फोनांची चिंता का वाहावी, असे काही कार्यकर्ते विचारतील. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. सुखवस्तू घरात लग्नाचे अल्बम कपाटात असतात, लॅपटॉपवर एक प्रत असते, परदेशातील मुलाकडे दुसरी असते. फोन फुटला तर तेथे गैरसोय होते. बीडहून सहा महिने फडावर जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबात आजोबांचे छायाचित्र कधी काढलेच गेलेले नसते. स्टुडिओत जाऊन काढण्याइतका पैसा आणि प्रसंग कधी एकत्र आला नाही. या वर्गाच्या इतिहासात पहिल्यांदा कॅमेरा त्याच्या स्वतःच्या हाती आला तो फोनमधून. ज्यांचे चेहरे आजवर पोलिसांच्या नोंदीत किंवा मतदारयादीतच उमटत होते, त्यांनी प्रथमच आपले चेहरे आपल्या मर्जीने टिपले. ही गोष्ट लहान नाही. त्या वर्गाकडे दुसरी प्रत नाही. म्हणून फुटका फोन हा सर्वाधिक त्याच्याच स्मृतीवरचा घाला आहे.

आणि केवळ स्मृतीवरचा नाही. रोजगार हमीच्या कामांवरील मजुरांची हजेरी मोबाइल अॅपवर फोटो काढूनच घेण्याची सक्ती केंद्र सरकारने १ जानेवारी २०२३ पासून केली; म्हणजे मेटचा फोन बिघडणे हा मजुरीचा प्रश्न झाला. त्यापूर्वी, ऑगस्ट २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट फोन परत करण्याचे आंदोलन केले. नादुरुस्त फोनाचा खर्च पदरून करावा लागतो, ही त्यांची एक तक्रार होती. त्या भगिनींना हा प्रश्न मध्यमवर्गीय आहे असे समजावण्याचे धाडस कोणी करू नये.

सर्व्हिस सेंटरातील तरुणाकडे परत जाऊ. त्याच्या हातात कसब नाही असे नाही. पण त्याला दिलेले काम बोर्ड दुरुस्त करण्याचे नसून बोर्ड बदलण्याचे असते. जुना बोर्ड बहुधा कंपनीकडे परत जातो, त्याबरोबर चिप जाते, चिपेबरोबर फोटो जातात. नवा बोर्ड कोरा असतो. दहा रुपयांचा एक कपॅसिटर बदलून जे साधले असते, त्यासाठी हजारो रुपये मोजून माणूस रिकामा फोन घेऊन घरी येतो. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्येच दाखवून दिले होते की नफ्यासाठी कार्यक्षमता हेतुपुरस्सर रोखून धरणे हाच उद्योगपतींचा खरा घातपात आहे. त्यासाठी इतके चांगले उदाहरण त्याला त्या काळी मिळाले नसते.

आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा दिल्लीच्या गफ्फार मार्केटात जावे. हातभर रुंदीच्या टेबलाशी सूक्ष्मदर्शकावर वाकलेला कारागीर बोर्डावर रोझिनचा धूर बसवतो, वीज सोडतो आणि जेथे तो थर वितळतो तेथे शॉर्ट आहे हे ओळखतो. वेळ आली तर प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही उचलून त्याच जातीच्या दुसऱ्या बोर्डावर बसवतो. केसाएवढ्या तारा हाताने जोडणाऱ्या या माणसाला कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजने आत घेतलेले नसते. कंपनी त्याला आराखडा देत नाही, म्हणून तो चीनहून आलेल्या सॉफ्टवेअरवर वर्गणी भरून आराखडे पाहतो. कंपनी त्याला सुटे भाग देत नाही, म्हणून तो मेलेल्या फोनांतून भाग काढतो. आणि मग त्यालाच ‘अनधिकृत’ म्हटले जाते! ज्ञान ज्याच्या हाती आहे तो अनधिकृत, आणि ज्याला हात लावण्याची मनाई आहे तो अधिकृत.

या कारागिरांचे भाबडे गुणगानही नको. ग्राहकाने पॅटर्न सांगून फोन सोपवला की आतले फोटो चाळणारे महाभाग या धंद्यात आहेत. त्या भीतीने कित्येक स्त्रिया फोटोंवर पाणी सोडतात, पण फोन देत नाहीत. परंतु धंदा अंधारात ढकलला की अंधारातले दोष त्यात येणारच. परवाना, नोंद, ग्राहकासमोर काम करण्याचा नियम आणि भंगास शिक्षा हे सारे शक्य आहे; त्यासाठी आधी हा धंदा आहे हे राज्यसंस्थेने मान्य केले पाहिजे.

यात अशक्य असे काही नाही, हे सांगण्यास भांडवलशाहीचेच माहेरघर साक्षीला येते. अमेरिकेत १९५६ च्या तडजोड हुकुमान्वये आयबीएमला आपली यंत्रे केवळ भाड्याने न देता विकणेही भाग पडले आणि सुटे भाग व तांत्रिक माहिती बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना खुली करावी लागली. कोडॅकने आपल्या कॉपी-यंत्रांचे भाग स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना नाकारले, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये असे मानले की यंत्राच्या बाजारात स्पर्धा असूनही सुट्या भागांच्या बाजारात मक्तेदारी असू शकते. भारताच्या स्पर्धा आयोगानेही २०१४ मध्ये याच तत्त्वावर चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण अर्थातच अपिलांच्या जंगलात शिरले. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांनी एखाद्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग देण्याचे बंधन फोन कंपन्यांवर आले आहे. आणि भारत सरकार? जुलै २०२२ मध्ये समिती, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल, २०२५ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकावरचा अहवाल. समितीतून पोर्टल आणि पोर्टलातून समिती जन्माला येते. २०२५ चा मध्य ओलांडला तरी कायदा जन्मलेला नव्हता.

शिवाय युरोपच्या नियमांचीही नक्कल करून भागणार नाही. त्यांचा भर यंत्राचे आयुष्य वाढवण्यावर आहे. यंत्र मेल्यावर त्याच्या पोटातले कोणाचे, हा प्रश्न तेथेही बाजूलाच राहिला. समाजवाद्यांनी तोच मध्यभागी आणला पाहिजे. जुना बोर्ड ग्राहकाचा आहे, तो त्याला परत मिळालाच पाहिजे. पुसण्याआधी फोटो काढून देण्याचा प्रयत्न जाहीर दराने करण्याचे बंधन सर्व्हिस सेंटरवर असले पाहिजे. आणि सर्वांत स्वस्त फोनातही पडदा फुटल्यावर, मालकाचा पॅटर्न घेऊन, चार्जिंगच्या वाटेने फोटो उतरवून घेण्याची सोय असल्याशिवाय तो विकण्यास मनाई असावी. महाग फोनात जे आज आहे, ते स्वस्त फोनात घालण्यास विज्ञान आड येत नाही. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. ते यंत्र गावातला मिस्त्री उघडू शकत असे, हे येथे आठवावे. आयटीआयच्या अभ्यासक्रमात बोर्ड-दुरुस्तीला मानाचे स्थान आणि कारागिरांच्या सहकारी संस्थांना सुट्या भागांचा थेट पुरवठा, ही मागणी त्याच परंपरेतली आहे.

कायदा होईपर्यंत शाखांच्या कचेऱ्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. भिजलेला फोन सुरू करू नये, चार्जिंगला लावू नये आणि तांदळात तर मुळीच पुरू नये. त्याने आतला गंज थांबत नाही, फक्त मोलाचा वेळ जातो. पडदा दिसतो पण बोट चालत नाही, अशा अवस्थेत पुष्कळ अँड्रॉइड फोनांना एका स्वस्त जोडणीने माउस लागतो. ‘रीसेट मारून बघू’ म्हणणाऱ्याचा हात धरावा, कारण त्याने किल्लीच नष्ट होते आणि मग जगातला कोणताही कारागीर काही करू शकत नाही. कारागिराला प्रथमच सांगावे की फोटो हवेत, फोन नको. कारण फोन कायमचा चालता करणे आणि बोर्ड एकदा जागा करणे ही भिन्न कामे आहेत. आज पैसे नसतील तर मेलेला फोन जपून ठेवावा. एक्सचेंजमध्ये किंवा भंगारवाल्याला देऊन टाकू नये.

राहिला तो सहीचा कागद. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना आली आहे आणि हा कागद तिच्यात बसतो, असा युक्तिवाद करण्यास भरपूर जागा आहे. पण कायदा करणाऱ्यांची गंमत अशी की सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते, अन्याय्य कराराची चालत नाही. तिच्यासाठी राज्य आयोग गाठावा लागतो. दहा हजारांच्या फोनसाठी मजुरी बुडवून तेथवर कोण जाणार, हे ठरवणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. ही तरतूद बदलण्याची मागणी विधिमंडळात आणि संसदेत झाली पाहिजे, आणि तिला आधार हवा तो पुराव्याचा. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील लोकांनी सह्या केलेल्या अशा कागदांच्या प्रती, तारीख आणि गमावलेल्या गोष्टींच्या नोंदीसह, गोळा कराव्यात. त्यांत मराठीत छापलेला एखादा कागद सापडलाच, तर तो कृपया वेगळा काढून ठेवावा.